जादा घटकेंत चकती राखिली त्याची बखर

॥ श्रीहिमेश्वर समर्थ ॥ ऐकणाराचे पाय गरम राहोत, वाचणाराचें डोकें थंड राहो, आणि लिहिणाराचे हातून जें झालें गेलें तें देव पोटांत घालो. शके सोळाशें पंचाहत्तर, श्रीमुखनाम संवत्सरे, माघ वद्य द्वितीया, ते दिवसापासोनचें वर्तमान लिहितों ऐसें जे, उत्तरेस हिमाचे अंगास एक राज्य होतें. राज्याचें नांव लिहीत नाहीं; लिहिलें तर तेथील लोक चवताळतील, आणि न लिहिलें तर प्रत्येक मुलूख म्हणेल कीं हें आमचेंच; तेव्हां दुसरें बरें. त्या राज्यांत एक तळें, आणि तळ्याचे दोहों अंगांस दोन पेठा, एक वरलीपेठ आणि एक खाललीपेठ, आणि दोहोंचा धंदा मेंढरांचा. आणि तळ्याचे पल्याड डोंगराचे उन्हाचे बाजूस एक कुरण, जेथें बर्फ आधीं वितळे आणि गवत आधीं फुटे. म्हणोन दरसालीं भांडण कीं आधीं मेंढरें कोणीं न्यावीं. मग वडिलांनीं तोड काढिली ती ऐशी कीं, माघांत तळें गोठलें म्हणजे दोन्ही पेठांनीं बर्फावरील काठीचकतीचा खेळ करावा, ज्यास फिरंगी लोक आईस हॉकी म्हणतात, आणि जिंकेल त्याचीं मेंढरें आधीं जावीं, हरेल त्याचीं पंधरा दिवसांनीं, आणि निकाल लागेतों कोणाचींच नाहीं. पायांस लोखंडी पातीं बांधावीं, हातीं वांकडी काठी घ्यावी, आणि लांकडाची काळी चकती परपेठेचे जाळ्यांत घालावी, इतकाच खेळ. दोन्ही पेठा बरोबरीस राहिल्या तर जादा घटका द्यावी. तींत पांचांऐवजीं तीन तीनच गडी उतरावे म्हणजे जागा मोकळी राहील, आणि पहिली चकती जो घालील तो जिंकला. ज्यानें हा नेम केला तो भला माणूस असावा. त्यास वाटलें कीं मोकळी जागा सांपडली म्हणजे मनुष्य पुढें धांवतो. मोकळी जागा मागेंही असते, हें त्या भल्याचे ध्यानीं आलें नाहीं.

तर ते सालीं सामना दोन दोन असा बरोबरीस राहिला आणि जादा घटका लागली. वरलीपेठेकडे निंबाजी म्हणोन एक गडी होता, बर्फावर ऐसा चाले कीं पातें वाजत नसे, आणि चकती काठीस डिंकानें चिकटविल्यागत राही. त्यानें चकती घेतली आणि बर्फाचे मधोमध ओढलेल्या रेघेपलीकडे गेला, आणि समोर खाललीपेठेचे तिघे उभे पाहोन मागें फिरला, आणि आपले जाळ्यामागें जाऊन एक फेरा मारिला, आणि पुन्हा पुढें आला, आणि पुन्हा फिरला. मसलत ऐशी कीं, शत्रू पाठलाग करील, दमेल, मग घालूं. खाललीपेठेचे गडीही कच्चे गुरूचे चेले नव्हते; त्यांनीं ओळखिलें कीं हा दमवूं पाहतो, म्हणोन ते धांवलेच नाहींत, काठ्यांवर हनुवट्या टेकोन उभे राहिले. मग निंबाजी फेरे मारी आणि ते पाहत. दमला गडी बाहेर जाई, ताजा आंत येई, आणि तोही फेरे मारी. एक वेळ चकती घसरोन खाललीपेठेस मिळाली; लोक उठोन उभे राहिले, कोणीं शिंगें फुंकिलीं; तों त्यांनीं ती घेतली आणि आपले जाळ्यामागें नेऊन तेच फेरे आरंभिले. मग लोक बसले. सूर्य मावळला म्हणजे पंच चकती जेथें असेल तेथें खूण करी, आणि सकाळीं ज्याची त्यास देई, आणि पुन्हा फेरे. पहिले दिवशीं लोकांनीं वाहवा केली, दुसरे दिवशीं शेंगा खाल्ल्या, तिसरे दिवशीं बायका लोंकर निवडावयास घेऊन आल्या, आणि पांचवे दिवशीं पंचास बसल्या जागीं डुलकी लागली, आणि खेळांत कांहीं खोळंबा झाला ऐसें कोणास वाटलें नाहीं. मात्र जाणते लोक म्हणत कीं हें चकती राखण्याचें शास्त्र आहे, अडाण्यांस यांतली गोडी कळावयाची नाहीं. आम्हीही मान डोलाविली. सरकारी मनुष्यानें मान डोलवावीच लागते.

निंबाजीची सख्खी आत्या भागूबाई, नवरा वारल्यापासोन एकटीच कळप राखी. तिच्या मेंढ्या त्याच आठवड्यांत व्याल्या होत्या, बेचाळीस कोंकरें, आणि वाड्यांतला चारा सरत आलेला. मेंढीचे पोटांत गवत नाहीं तर आंचळांत दूध नाहीं, आणि दूध नाहीं तर कोंकरूं दोन दिवसांत मान टाकी. हें सांगावयास शास्त्री लागत नाहीं. सहावे दिवशीं तिचें पहिलें कोंकरूं गेलें. तें पदरांत घेऊन ती तळ्याचे कांठीं आली, आणि निंबाजी फेरा मारीत जवळून जाऊं लागला तों ओरडली, “अरे मुडद्या, मार की ती चकती! का लगीन लावलंयस तिच्याशी?” निंबाजी न थांबतां बोलिला, “आत्ये, गप बस. आत्ता मारली आणि हुकली तर चकती त्यांच्या हाती जाईल. पेठ बुडंल माझ्यापायी.” ती म्हणाली, “आणि नाही मारलीस तर?” तो म्हणाला, “नाही मारली तर हरत तरी नाही.” तोंवर तो जाळ्यामागें पोहोंचला होता. पुढचे फेऱ्यास आला तेव्हां तिनें पदर उघडोन कोंकरूं दाखविलें. निंबाजीनें पाहिलें, आणि तोंड कसनुसें केलें, आणि चकती साथीदारास दिली, आणि साथीदारानें ती परत त्यासच दिली. “आत्ये, मला काय वाटत नाही व्हय?” ऐसें म्हणोन तो मागें फिरला. बाई कांठावर बसली आणि रडली. मग उठोन तशीच दरबारास आली.

दरबारीं श्रीमंत गादीवर, उजवे हातीं दिवाण अन्याबा, डावे हातीं बाळंभट्ट शास्त्री, आणि खालीं आम्ही लेखणी घेऊन. भागूबाईनें कोंकरूं फरशीवर ठेविलें आणि म्हणाली, “महाराज, ह्ये फेरे बंद करा, न्हाईतर कुरण तरी खुलं करा. रोज मरत्यात.” श्रीमंतांस फार कळवळा आला. त्यांनीं शेल्यानें डोळे पुसले आणि आज्ञा केली कीं या प्रश्नाचा विचार करावा. मग विचार जो सुरू जाहला त्याची शोभा काय वर्णावी! अन्याबा म्हणाले, “घटिकापात्र ठेवावें, पात्र बुडेतों चकती जाळ्यावर मारिली नाहीं तर ती परपेठेस द्यावी.” बाळंभट्ट म्हणाले, “मग परपेठ धांवणारच नाहीं, जाळ्यापुढें भिंत करोन पात्र बुडायची वाट पाहील. आळस या बाजूचा काढोन त्या बाजूस दिला.” बोलणें खरें होतें. अन्याबा म्हणाले, “तर रेघ ओलांडोन पुढें गेला त्यास मागें येण्याची मनाई करावी.” शास्त्री म्हणाले, “दमला गडी बदलावयास मागें येणें न्यायाचें आहे. आणि चकती आपले काठीस ठेवणें हा गुन्हा म्हणावा तर खेळांत गुण कोणता? ज्यांस ती हवी त्यांनीं येऊन हिसकावोन घ्यावी. उभे राहोन जांभया देणारांस शिक्षा कां नाहीं?” हेंही खरें होतें. अन्याबा म्हणाले, “परंतु तमासगीर झोंपतात.” शास्त्री म्हणाले, “झोंप ही आरोग्यास उत्तम.” मग अन्याबांनीं प्रश्न शास्त्र्यांकडे सोंपविला, शास्त्र्यांनीं विचार करोन अन्याबांकडे परत दिला, अन्याबांनीं श्रीमंतांचे पायांशीं ठेविला, श्रीमंतांनीं “बरें आहे” म्हणोन शास्त्र्यांकडे वळविला, आणि दुसरे दिवशीं पुन्हा पहिल्यापासोन. निंबाजीस दरबारीं आणोन बसविला असता तर त्याचे डोळे भरोन येते. ऐसें राखणें त्यास साधलें नव्हतें. चार दिवस शब्दाचा कीस पडला. भागूबाई रोज दाराशीं येऊन उभी राही. पहिले दिवशीं ती हात जोडी, मग हात जोडीनाशी झाली, नुसता आंकडा सांगे. “चार,” म्हणाली. मग “सहा.” मग “आठ.” पांचवे दिवशीं “धा” म्हणाली आणि तेथेंच मटकन् बसली. तें श्रीमंतांस बघवेना. ते एकदम म्हणाले, “मागें फिरण्यास मनाई करा आणि मोकळे व्हा.” जादा घटका लागल्यापासोन राज्यांत कोणी पुढें मारिलेला तो पहिलाच टोला.

आतां आमची लाज लिहितों. हुकूम लिहावयाचा आम्हांकडे आला. आमची मोडी त्या मुलखांत नांवाजलेली. एक ओळ लिहोन होईतों लेखणी उचलीत नसों, आणि त्याचा मोठा ताठा होता. मोडींत तसेंही दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नाहीं. वाचणारानें अकलेनें तोडावें. आम्हीं लिहिलें, “चकती घेऊन रेघ ओलांडिल्यावर मागें फिरूनये.” शिक्का झाला, वाळू टाकिली, कागद सुरळी करोन तळ्यावर रवाना झाला. श्रीमंत स्वतः पाहावयास आले, तंबूंत बसले. शिंग वाजलें, पंचानें कागद उघडिला आणि मोठ्यानें वाचिलें, “रेघ ओलांडिल्यावर मागें फिरून ये!” श्रीमंतांचें लक्ष त्या वेळीं शेकोटीकडे होतें, ते म्हणाले, “वाहवा, उत्तम हुकूम!” आणि सभोंवारच्यांनीं तीन वेळां उत्तम उत्तम म्हटलें. आमचे पायांखालची जमीन सरकली.

निंबाजीस तर आनंद मावेना. आजवर जें तो लाजत करीत होता तें आतां सरकारी काम झालें. त्यानें चकती घेतली, रेघ ओलांडिली, आणि दरबारी मुजरा करोन मागें फिरला, आणि फिरतां फिरतां ओरडला, “हुकमाप्रमाणं!” खाललीपेठेचा म्होरक्या वाचतां येणारा होता, तो कागदावर वांकला आणि म्हणाला, “अहो पंच, हें ‘फिरू नये’ आहे! यानें हुकूम मोडिला, चकती आम्हांस द्या.” पंचानें डोळे बारीक करोन पाहिलें, त्यास तेंही पटलें, आणि चकती खाललीपेठेस दिली. त्यांचा गडी ती घेऊन रेघेपलीकडे गेला आणि तेथेंच उभा राहिला, कारण मागें यावयाचें नाहीं आणि पुढें जावयाची संवय राहिली नव्हती. तों वरलीपेठेचे लोक ओरडले, “हा फिरून आला नाही! हुकूम मोडला!” पंचानें पुन्हा पाहिलें, त्यास तेंही पटलें. मग दोहों पेठांचे लोक बर्फावर उतरले, कोणी “फिरू नये” म्हणे, कोणी “फिरून ये” म्हणे, एकानें दुसऱ्याची पगडी उडविली, आणि खेळ थांबला. थांबला म्हणावें तर आधीं चालला होता कोठें? भागूबाई गर्दींत आमच्याजवळ उभी होती. तिनें विचारिलें, “भाऊ, खरं काय लिवलंय?” आम्हीं म्हटलें, “बाई, फिरू नये ऐसेंच लिहिलें.” ती म्हणाली, “मग तसं सांगा की जाऊन.” आम्ही गेलों.

दरबारीं जाऊन हात जोडोन सांगितलें कीं चूक सेवकाची, बोटभर जागा सोडावयाची राहिली, खरें वाचन “फिरू नये.” तेव्हां अन्याबांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, “अरे गृहस्था, श्रीमंतांनीं ‘फिरून ये’ ऐकोन वाहवा केली, साऱ्या तळ्यानें ऐकिली. आतां तें चुकीचें म्हणावें तर वाहवा चुकीची होते.” आम्हीं म्हटलें, “आणि बरोबर म्हणावें तर?” ते म्हणाले, “तर आधींची आज्ञा चुकीची होते. तीही श्रीमंतांचीच.” घोडें ऐसें अडलें तेव्हां बाळंभट्टांची बुद्धी कामास आली. शास्त्री म्हणाले, “दोन्ही खरीं.” आणि तत्काळ महजर झाला, तो ऐसा: “सरकारी कागदीं ‘नये’ हीं दोन अक्षरें मागील अक्षरास लागोन लिहिलीं असतां, वाचणारानें ‘नये’ वाचावें अथवा ‘न ये’ तोडावें, दोन्ही अर्थ हुजूरचेच समजावे, आणि जो एका अर्थानें चालेल त्यास कोणीं अटकाव करूं नये.” हा महजरही आम्हींच लिहिला, एका ओळींत, लेखणी न उचलतां. सर्वांस फार समाधान वाटलें. श्रीमंतांनीं विडे वांटले. यांत पांच दिवस गेले. भागूबाई आतां दाराशीं येईनाशी झाली होती. तिचा आंकडा दुसरेच कोणी सांगत, एकोणीस.

फाल्गुन शुद्ध तृतीयेस दुपारीं महजराची नक्कल काखेंत मारोन आम्ही तिचे वाड्यावर गेलों. कां गेलों तें त्या वेळीं ठाऊक नव्हतें, घरीं जेवण जाईना इतकें खरें. ती एका कोंकराचे तोंडांत बोट घालोन बसली होती, तें चोखी आणि त्यास कांहीं मिळेना. आम्हांस पाहोन म्हणाली, “आता काय ठरलं? पुढं जायचं का मागं यायचं?” आम्हीं म्हटलें, “बाई, दोन्ही.” ती हंसली, आणि तें हंसणें ऐकवेना. मग आम्हीं म्हटलें, “मेंढरें सोड. माझ्यासंगें चल.” तिनें फार विचारिलें नाहीं. वाट खाललीपेठेचे वाड्यांवरोन जाते. तेथल्या बाया कुडाशीं उभ्या होत्या, त्यांचींही कोंकरें तशींच. एकीनें विचारिलें, “भागूबाई, जिंकली व्हय गं तुमची पेठ?” भागूबाई म्हणाली, “कुणी न्हाई जिंकलं. तुमचीबी सोडा, चला.” मग त्यांनींही फाटकें उघडिलीं, आणि दोन्ही पेठांचीं मेंढरें एक होऊन चालूं लागलीं, आणि तळ्यावर निंबाजी फेरे मारीत होता त्यास पाहावयास त्या वाटेवर कोणी मान वळविली नाहीं.

कुरणाचे तोंडीं आडवा वांसा, आणि वांशापाशीं राणोजी पहारेकरी, आणि त्याचे डोक्यावर सरकारी पाटी. राणोजी भाला आडवा करोन म्हणाला, “कुठं निघालात? निकाल लागला का?” आम्हीं म्हटलें, “नाहीं.” तो म्हणाला, “मग मनाई हाय. पाटी हाय वर.” आम्हीं विचारिलें, “पाटीवर काय लिहिलें आहे?” तो म्हणाला, “मला कुठं वाचता येतं? तुम्ही दरबारचे लिहिणारे, तुम्हीच वाचा.” आम्हीं मान वर केली. अक्षर आमचेंच होतें, तीन सालांमागील. “सामना निकालांत निघेतों मेंढरें घेऊन कुरणांत जाऊनये.” सारा कळप मागें उभा, कोणी ओरडेना देखील, ओरडावयास बळ नव्हतें. आम्हीं घसा साफ केला आणि मोठ्यानें वाचिलें, “सामना निकालांत निघेतों, मेंढरें घेऊन, कुरणांत जाऊन ये.” राणोजी गोंधळला. म्हणाला, “आजवर तर ‘जाऊ नये’ सांगत होते.” आम्हीं महजर काढोन शिक्का दाखविला आणि म्हटलें, “तेंही खरें. जो एका अर्थानें चालेल त्यास अटकाव करावयाचा नाहीं, हुजूरचा हुकूम आहे.” त्यानें शिक्क्याकडे पाहिलें, मग कोंकरांकडे पाहिलें, मग आमचे तोंडाकडे बराच वेळ पाहिलें, आणि म्हणाला, “हुकूम म्हटल्यावर मी कोण?” आणि वांसा उचलिला. मेंढरें आंत शिरलीं. भागूबाई गवतांत बसली आणि एक मेंढी पुढें ओढोन तिचे आंचळ चांचपीत राहिली, संध्याकाळपर्यंत.

दरबारीं कळलें तेव्हां अन्याबा संतापले, परंतु महजर त्यांचेच शिक्क्याचा; तो रद्द करावा कीं न करावा हा प्रश्न त्यांनीं बाळंभट्टांकडे सोंपविला आहे. येणेंप्रमाणें जादा घटका बावीस दिवस चालली आणि फाल्गुन शुद्ध अष्टमीस बर्फास तडे जाऊन उठली; चकती कोणींच घातली नाहीं. पंचांनीं सामना पुढील माघापर्यंत तहकूब केला. बावीस दिवसांत एकदांही न हरल्याबद्दल श्रीमंतांनीं निंबाजीस शेला दिला. तो त्यानें आत्येचे दारीं आणोन ठेविला, आणि तिनें उचलिला नाहीं. एकंदर सार इतकेंच: भागूबाईचीं बेचाळीस कोंकरें, त्यांतील तेवीस कुरणांत वाढलीं. एकोणीस गेलीं, त्यांत दहा चकतीपायीं गेलीं, आणि नऊ आमचे अक्षरापायीं. आम्ही आतां दोन शब्दांमध्यें जागा सोडितों. लोक म्हणतात, अक्षर बिघडलें.